शाळेची शेवटची रात्र

गेली पन्नास वर्षे अमेरिकन चित्रपटसृष्टी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. दोन जिवलग मित्र असतात. त्यांचे हायस्कूल संपलेले किंवा संपत आलेले असते. उद्या एकाने एका गावी जायचे, दुसऱ्याने दुसऱ्या. मध्ये एकच रात्र उरते आणि त्या रात्रीत मोटारी, पोलीस, फसलेली प्रेमप्रकरणे आणि नाना फजित्या यांची नुसती रेलचेल होते. सकाळ झाली की प्रेक्षक हसून दमलेला असतो आणि मित्र एकमेकांचा निरोप घेत असतात.

आपल्या घरांतून आता मुले हे चित्रपट पाहतात. मोठी माणसे दोन मिनिटे उभी राहतात, भाषा ऐकून नाक मुरडतात आणि निघून जातात. त्यातला वाह्यातपणा मी नाकारत नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडतोच. एखादा समाज तीच गोष्ट पन्नास वर्षे हसत हसत सांगतो, तेव्हा त्या हसण्याखाली काय दडलेले असते? त्याचे उत्तर शोधायचे तर आधी चित्रपटगृहाऐवजी शाळेत जावे लागते.

शाळा आधी, सिनेमा नंतर

अमेरिकेतले पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली बॉस्टन शहरात निघाले. पुढची अनेक दशके हायस्कूल ही मोजक्यांची चैन होती. प्राथमिक शिक्षण सर्वांना हवे हे लोकांना पटले होते, पण शेजाऱ्याच्या पोराला पुढचे शिकवण्यासाठी आपण कर का भरावा, हा सवाल गावोगाव विचारला जाई. मिशिगन राज्यातील कॅलमझू गावच्या काही करदात्यांनी तर कोर्टाची पायरी चढली. १८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक कराच्या पैशातून हायस्कूल चालवता येते. इतर राज्यांनीही त्या निकालाचा आधार घेतला.

खरी लाट आली ती १९१० ते १९४० या तीस वर्षांत. १९१० साली अठरा वर्षांच्या शंभर मुलामुलींपैकी जेमतेम नऊ जण हायस्कूल पुरे करीत. १९४० साली हे प्रमाण पन्नासच्या घरात गेले. कचेऱ्या आणि दुकाने वाढली, तशी लिहिता-वाचता, हिशेब करता येणारी माणसे हवी झाली. लहान लहान गावांनी स्वतःच्या करातून शाळा उभारल्या. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत कारखान्यांत मोठ्यांनाच काम मिळेना, तिथे पोरांना कोण विचारतो? तीही शाळेत आली.

या शाळेची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. युरोपात हुशारांची शाळा निराळी आणि कारागिरांची निराळी असे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सावकाराचा मुलगा आणि सुताराचा मुलगा एकाच छपराखाली बसले. लॅटिनचा वर्ग आणि सुतारकामाची खोली एकाच इमारतीत आली. या चित्राला एक मोठी चीर होती, ती वर्णाची. दक्षिणेकडे काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या; उत्तरेकडे वस्त्याच वेगळ्या असल्याने शाळाही वेगळ्या पडत. शाळांतील हा भेद घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सांगितले. प्रत्यक्षात तो मिटायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

एका वयाची एवढी मुले चार-चार वर्षे एकत्र राहिल्यावर त्यांची स्वतंत्र दुनिया तयार झाली. ‘टीनएजर’ हा शब्द १९४० च्या दशकात रूढ झाला. १९४४ साली ‘सेव्हन्टीन’ नावाचे खास या वयाच्या मुलींचे मासिक निघाले. पुढच्या दशकात घरोघरी टीव्ही आला, वडीलधारी मंडळी घरी बसली आणि चित्रपटवाल्यांच्या ध्यानात आले की आता थिएटरात येतो तो हा पोरवर्गच. १९५५ साली ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आणि ‘रिबेल विदाउट अ कॉज’ हे दोन गाजलेले चित्रपट आले. दोन्ही गंभीर होते आणि दोन्हींत तरुण मूल म्हणजे समाजापुढची समस्या होती. त्या मुलांबरोबर हसायला आणखी अठरा वर्षे जावी लागली.

विमानाचे एक तिकीट

१९७३ साली ‘अमेरिकन ग्राफिटी’ आला. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस हा कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावचा. १९६२ साली हायस्कूल संपता संपता तो मोटार-अपघातातून थोडक्यात वाचला होता. चित्रपटातले गाव मोडेस्टोच आणि सालही १९६२. कर्ट आणि स्टीव्ह हे दोन मित्र सकाळच्या विमानाने दूरच्या कॉलेजात जायचे आहेत. जावे की राहावे, याचा घोळ रात्रभर चालतो. मोटारी रस्त्यावरून नुसत्या फिरत राहतात, रेडिओवर एकामागून एक गाणी लागतात. सुरुवातीला कर्टचा पाय निघत नसतो आणि स्टीव्ह उतावळा असतो. सकाळी कर्ट विमानात बसतो आणि स्टीव्ह गावात राहतो.

निर्मितीचा खर्च पावणेआठ लाख डॉलरच्या आसपास. कंपनीतले काही अधिकारी त्याबाबत साशंक होते, पण फ्रान्सिस फोर्ड कोपोला निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला. चित्रपटाने खर्चाच्या शंभरपटीहून अधिक मिळकत केली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर नामांकने मिळवली.

हसवणाऱ्या या चित्रपटाचा शेवट मात्र चटका लावतो. विमान आकाशात जाते आणि पडद्यावर चौघांची पुढची हकीगत येते. मोटारशर्यतीचा बादशहा जॉन १९६४ साली एका दारूड्या चालकामुळे मरतो. भाबडा टेरी १९६५ साली व्हिएतनाममध्ये बेपत्ता होतो. स्टीव्ह गावातच विमा एजंट होतो. कर्ट लेखक होतो आणि कॅनडात राहतो.

शेवटच्या वाक्याचा अर्थ तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नाही. व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची लष्करभरती होती आणि ती चुकवण्यासाठी हजारो तरुण कॅनडात गेले होते. कॉलेजात शिकणाऱ्याला या भरतीतून सवलत मिळे. गॅरेजात किंवा दुकानात काम करणाऱ्याला मिळत नसे. म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या रात्री एका बाकावरचे दोन मित्र वेगळे होत, तेव्हा प्रश्न केवळ कोण कुठल्या गावी जाणार एवढाच राहत नसे. कोण जगणार हेही त्यातच ठरत असे. ही भरती थांबली १९७३ सालीच. म्हणून तो चित्रपट पाहताना लोक हसले आणि हसता हसता त्यांनी आपल्या वर्गातली रिकामी बाके मोजली.

आणखी एक गोष्ट. त्या शेवटच्या चार ओळींत चारही मुलगेच आहेत. रात्रभर त्यांच्या मोटारींत बसलेल्या मुलींचे पुढे काय झाले, याचा एक शब्दही नाही. समीक्षक पॉलीन केल यांनी तेव्हाच त्यावर बोट ठेवले होते.

कुणाची मैत्री?

दोनच वर्षांनी, १९७५ साली, ‘कूली हाय’ आला. काळ जवळपास तोच, १९६४ चा, गाव शिकागो. पण मुले काळी, गरीब वस्तीतली. पटकथाकार एरिक मॉन्टे त्याच वस्तीत वाढला आणि त्याच शाळेत शिकला होता. दिग्दर्शक मायकेल शुल्ट्झ. प्रीच आणि कोचीज हे दोघे मित्र. एकाला पटकथा लिहायच्या आहेत, दुसऱ्याला बास्केटबॉलमुळे कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. वर्ग चुकवणे, पार्ट्या, चोरीच्या गाडीतून मारलेली एक फेरी असा पाऊण चित्रपट हसण्यात जातो. त्या एका फेरीपायी पोलीस पकडतात. इतिहासाचे शिक्षक रदबदली करून या दोघांना सोडवतात, पण मागे राहिलेल्या सोबत्यांना वाटते, यांनीच आपली नावे सांगितली. ते कोचीजला इतके मारतात की तो मरतो. प्रीच मित्राला पुरून हॉलीवूडची वाट धरतो.

दोन्ही चित्रपटांतला खोडकरपणा सारखाच आहे. मोडेस्टोच्या मुलांनी पोलिसांच्या गाडीची मोडतोड केली तरी ती खोडी म्हणून निभावून जाते. शिकागोच्या मुलांना एका फेरीची किंमत प्राणाने चुकवावी लागते. एका चुकीची माफी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की कुठल्याही व्याख्यानाशिवाय कळते. अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांच्या यादीत ‘अमेरिकन ग्राफिटी’ १९९५ साली आला. ‘कूली हाय’ला २०२१ पर्यंत थांबावे लागले.

१९८० च्या दशकात हायस्कूलपटांचे पीकच आले. एमी हेकर्लिंग या दिग्दर्शिकेचा ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ १९८२ चा. जॉन ह्यूजेसचे चित्रपट १९८४ पासूनचे. त्यांत प्रेम, श्रीमंत-गरीब गट, आईबापांशी भांडण हे विषय पुढे आले आणि ताटातुटीची रात्र मागे पडली. युद्ध संपले होते. निरोपाची धारही बोथट झाली असावी.

ती रात्र २००७ साली ‘सुपरबॅड’ने परत आणली. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या दोन कॅनडियन शाळासोबत्यांनी ही पटकथा लिहायला घेतली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. नायकांची नावेही त्यांनी सेथ आणि इव्हान हीच ठेवली. कथा एवढीच की पार्टीसाठी दारू मिळवायची. अमेरिकेत १९८४ सालच्या केंद्रीय कायद्याने, ज्या राज्यात दारूखरेदीचे वय एकवीसपेक्षा कमी त्याच्या महामार्ग-निधीला कात्री लावली आणि सगळी राज्ये एकवीसवर आली. त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा मतदान करू शकतो, पण दारूच्या दुकानात त्याला खोटे ओळखपत्र लागते. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. भाषा इतकी शिवराळ की घरात एकत्र बसून पाहवणार नाही. पण मुळात दुःख एकच आहे. इव्हानला नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला, सेथला मिळाला नाही. इथे दोघांना वेगळे करायला युद्ध आले नाही, गुणपत्रिका आली. शेवटी सरकत्या जिन्यावरून एक खाली जातो, दुसरा वर उभा राहून पाहतो आणि कुणी काही बोलत नाही.

मग २०१९ साली ‘बुकस्मार्ट’ आला. दिग्दर्शिका ऑलिव्हिया वाइल्ड, पटकथाकार चौघी स्त्रिया, नायिका दोन जिवलग मैत्रिणी. मॉली आणि एमी शाळेत चार वर्षे केवळ अभ्यास करतात. आदल्या दिवशी त्यांना कळते की ज्यांना आपण उनाड म्हणत होतो त्यांनाही तितकेच चांगले प्रवेश मिळाले आहेत. तेव्हा चार वर्षांची मौज एका रात्रीत उरकायची, असा बेत ठरतो. एमीला मुलींचेच आकर्षण आहे, हे चित्रपटात एक साधी गोष्ट म्हणून येते. त्यावर कुणी प्रवचन करीत नाही. पार्टीत भांडण पेटते ते वेगळ्याच गोष्टीवरून. एमी वर्षभरासाठी आफ्रिकेतील बोत्स्वाना देशात जाणार आहे आणि हे तिने मैत्रिणीपासून लपवले आहे.

शेवट विमानतळाजवळच होतो. १९७३ साली मुलगा विमानात बसला आणि मुलगी जमिनीवर हात हलवत राहिली. २०१९ साली विमान गाठायला निघालेली मुलगी आहे आणि तिला सोडायला आलेलीही मुलगीच. मधल्या शेहेचाळीस वर्षांत बरेच घडले. १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगी म्हणून भेदभाव करायला बंदी झाली आणि १९८० च्या सुमारास अमेरिकन कॉलेजांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. पडद्यावर हे उमटायला आणखी चाळीस वर्षे लागली. सिनेमा समाजाच्या पुढे चालतो असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो मागून धापा टाकत येतो.

आपली शेवटची रात्र

आपल्याकडे ही गोष्ट का नाही? मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा चित्रपट नववीतल्या मुलांचा, आणीबाणीच्या काळातला. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तली मैत्री कॉलेजच्या कट्ट्यावरची. दहावी संपल्याची रात्र मात्र मला फारशी कुठे भेटत नाही.

मला त्याचे कारण आपल्या वेळापत्रकात दिसते. अमेरिकन मुलांचा निरोप सगळे संपल्यावर होतो. आपला निरोप समारंभ होतो परीक्षेच्या आधी. पाहुणे अभ्यासाचे महत्त्व सांगतात, मुख्याध्यापक हस्ताक्षर सुधारायला सांगतात, मुली रडतात आणि दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेचा पेपर असतो. शेवटचा पेपर झाला की मुले फाटकातून बाहेर पडतात ती थेट निकालालाच भेटतात आणि तेव्हा प्रत्येकाच्या कपाळावर टक्के लिहिलेले असतात.

सीमाभागात तर ही ताटातूट अधिक खोल आहे. दहा वर्षे मराठीतून शिकलेली मुले अकरावीला बहुतेक इंग्रजी किंवा कानडी माध्यमात जातात. कुणी बेळगावात पीयूसीला, कुणी चंदगडकडे, कुणी गोव्यात कामाला, कुणी आयटीआयला. एखाद्या मुलीचे लग्न ठरते. पुढे ती सगळी कुठे ना कुठे भेटतातच. पण मराठीतून गणित सोडवणारा तो वर्ग पुन्हा कधी भरत नाही. आपल्या मुलांच्या हातूनही त्या दिवशी गावापेक्षा मोठे काही सुटत असते आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून शाळाचालकांना आणि पालकांना माझी एक साधी सूचना आहे. निरोप समारंभ आहे तसा राहू द्या. पण शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधली एक संध्याकाळ शाळेने मुलांना द्यावी. भाषण नको, पाहुणे नकोत, आम्हीही कोपऱ्यात बसू. टक्के कळण्याआधी एकदा सगळ्यांनी सारखे होऊन हसावे. त्या अंगणात तेरा वर्षांचे एखादे धाकटे भावंड असेल, सगळे न्याहाळत असेल. आपली गोष्ट कदाचित तेच लिहील.