चिपचा आराखडा काढणारं सॉफ्टवेअर : केडन्स कंपनीचा इतिहास आणि त्यातला भारतीय हात

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या आपल्या खान्देशी घरांमध्ये सध्या ‘सेमीकंडक्टर’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. कारणही तसंच आहे. सुरतेत सुची सेमीकॉनचा चिप पॅकेजिंगचा कारखाना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. साणंदला मायक्रॉन आली, धोलेराला टाटांचा ९१ हजार कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. मुलाला बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सला टाकावं का, हा प्रश्न नंदुरबार-नवापूरकडचे पालकही विचारू लागलेत. पण चर्चा सगळी कारखान्यांची होते. चिप कारखान्यात जाण्याआधी कुणीतरी तिचा आराखडा काढलेला असतो, आणि तो काढायचं सॉफ्टवेअर जगात मुख्यतः तीनच कंपन्यांच्या हातात आहे : सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स. यातल्या केडन्सची ही माहिती.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय, ते बघू. सुरतच्या माणसाला हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. जॅकार्डवर साडी विणायची तर पूर्वी डिझायनर ग्राफच्या कागदावर एकेक चौकट भरायचा, मग त्यावरून कार्ड पंचिंग व्हायचं. कुठलं भोक पडलं, त्यावर कुठला धागा उचलला जाणार ते ठरायचं. एक भोक चुकलं की साडीभर तीच चूक. आता हे काम कॉम्प्युटरवर होतं. चिपचंही तसंच, फक्त इथे चौकटींऐवजी ट्रान्झिस्टर असतात आणि ते कोट्यवधी, मोठ्या चिपमध्ये अब्जावधी. माणसाच्या हाताने ते मांडणं शक्यच नाही. इंजिनिअर चिपने काय काम करायचं ते एका विशिष्ट भाषेत लिहितो. त्या लिखाणातून सर्किट तयार करणं, ते जागेवर बसवणं, तारा ओढणं आणि कारखान्याच्या नियमात सगळं बसतंय का हे तपासणं, ही कामं सॉफ्टवेअर करतं. याला इलेक्ट्रॉनिक डिझाइन ऑटोमेशन म्हणतात, बोलताना सगळे ‘ईडीए’च म्हणतात.

केडन्स १९८८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झाली, पण ती कोरी पाटी घेऊन नाही. ईकॅड आणि एसडीए सिस्टिम्स या दोन कंपन्या एकत्र येऊन ती झाली. ईकॅड १९८२ ची. आराखड्यात कुठे दोन तारा फार जवळ आल्या, कुठे रेघ फार बारीक झाली, हे शोधणारं तिचं ‘ड्रॅक्युला’ नावाचं सॉफ्टवेअर जोरात चालायचं. एसडीए १९८३ ची, नॅशनल सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेल्या जेम्स सॉलोमन यांची. तिचं भांडवल उभं करायची पद्धत कॉमर्सवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नॅशनल सेमीकंडक्टर, जनरल इलेक्ट्रिक, हॅरिस, एरिक्सन अशा ज्या कंपन्यांना हे सॉफ्टवेअर हवं होतं, त्यांनीच पैसे घातले. म्हणजे गिऱ्हाईकच भागीदार.

एसडीएचा आयपीओ ठरला तो दिवस होता १९ ऑक्टोबर १९८७. शेअर बाजारात बसणाऱ्यांना ही तारीख सांगायला नको. त्या सोमवारी अमेरिकेचा डाऊ जोन्स एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त पडला. आयपीओ बारगळला. ईकॅड मात्र आधीच बाजारात नोंदलेली होती. पुढच्याच वर्षी दोघी एक झाल्या, नाव केडन्स ठेवलं आणि जो कॉस्टेलो प्रमुख झाले. पुढची नऊ-एक वर्षं तेच होते.

आता आपल्याकडचा धागा. कानपूर आयआयटीत शिकलेले प्रभू गोयल आयबीएममध्ये होते. बनून आलेली चिप चांगली की खराब हे तपासण्याची त्यांनी काढलेली पद्धत या क्षेत्रात आजही शिकवली जाते. नंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये गेटवे डिझाइन ऑटोमेशन ही कंपनी काढली. तिथे १९८३-८४ च्या सुमाराला फिल मूरबी यांनी ‘व्हेरिलॉग’ ही भाषा तयार केली. वर म्हटलं ना, इंजिनिअर चिपचं काम एका भाषेत लिहितो, ती हीच. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या डिग्रीला असलेल्या मुलाला व्हेरिलॉग चुकत नाही.

केडन्सने १९८९ मध्ये गेटवे विकत घेतली आणि व्हेरिलॉग तिच्या मालकीची झाली. समोर व्हीएचडीएल ही दुसरी भाषा होती, तिच्यामागे अमेरिकेचं संरक्षण खातं, आणि ती सगळ्यांना खुली. केडन्सने १९९० मध्ये व्हेरिलॉगही खुली करून टाकली. १९९५ मध्ये ती आयईईईचं अधिकृत मानक झाली. पैसे देऊन घेतलेली वस्तू वर्षभरात सगळ्यांना वाटायची, हे व्यापाऱ्याच्या मनाला पटत नाही. पण भाषा टिकली आणि ती भाषा वापरणारी सॉफ्टवेअरं विकून धंदा झाला. बंद ठेवली असती तर कदाचित आज व्हीएचडीएलच शिकावी लागली असती, असं माझं मत.

भारतात या कंपनीचं काम नोएडात १९८७ पासूनचं धरलं जातं. लक्षात घ्या, तेव्हा उदारीकरण व्हायला चार वर्षं बाकी होती आणि घरी फोन लागायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. अशा काळात चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर आपल्या देशात लिहिलं जात होतं, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही.

नव्वदीच्या दशकात या धंद्याला पोलिसी वळण लागलं. केडन्समधून बाहेर पडलेल्या काही जणांनी नवी कंपनी काढली, ती पुढे अवँट नावाने ओळखली गेली. १९९५ मध्ये केडन्सच्या एका इंजिनिअरला अवँटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक दिसली. ती त्याला ओळखीची वाटली, कारण तीच चूक पूर्वी त्याने स्वतः केडन्सच्या प्रोग्रॅममध्ये केली होती! दुसऱ्याची वही उतरवताना पोरं खाडाखोडही उतरवतात, त्यातला प्रकार. त्या डिसेंबरात अवँटच्या ऑफिसवर छापा पडला. खटला सहा वर्षं चालला. २००१ मध्ये अवँट आणि तिच्या काही अधिकाऱ्यांनी आरोपांना विरोध करणं सोडलं आणि कोर्टाने केडन्सला सुमारे १९ कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. २००२ मध्ये सिनॉप्सिसने अवँट विकत घेतली आणि दिवाणी दाव्यापोटी केडन्सला आणखी २६ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. गंमत अशी की एवढं होऊनही अवँटचं सॉफ्टवेअर शेवटी केडन्सच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाच्याच घरात गेलं.

याच काळात अंबिट डिझाइन सिस्टिम्स ही लहान कंपनी पुढे आली. १९९४ मध्ये राजीव माधवन यांनी ती उभी केली. तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते प्रकाश भालेराव. लिहिलेल्या भाषेतून सर्किट तयार करण्याच्या कामात सिनॉप्सिसची जवळपास मक्तेदारी होती, तिला अंबिटने आव्हान दिलं. केडन्सने १९९८ मध्ये सुमारे २६ कोटी डॉलर मोजून अंबिट घेतली. माधवन यांनी त्याआधीच १९९७ मध्ये मॅग्मा काढली होती. तीही २०१२ मध्ये सिनॉप्सिसने गिळली. या धंद्यातल्या बहुतेक लहान कंपन्यांची गोष्ट अशीच संपते.

२००८ साल केडन्सला वाईट गेलं. तिसरी मोठी कंपनी मेंटर ग्राफिक्स १६० कोटी डॉलरला घेण्याचा प्रयत्न फसला. (मेंटर २०१७ मध्ये सीमेन्सने घेतली.) त्यातच हिशेबाचा घोळ निघाला. हे सॉफ्टवेअर काही वर्षांच्या लायसन्सवर भाड्याने दिल्यासारखं विकतात. करार झाला त्या तिमाहीतच काही उत्पन्न जमेला धरलं होतं, ते खरं तर कराराच्या मुदतीत वाटून दाखवायला हवं होतं. दुकानाचं तीन वर्षांचं भाडं आगाऊ मिळालं म्हणून ते एकाच वर्षाचा नफा होत नाही, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं हे गणित. आकडे दुरुस्त करावे लागले, वरचे अधिकारी गेले आणि २००९ च्या जानेवारीत लिप-बू टॅन यांच्याकडे सूत्रं आली. तेच टॅन २०२५ पासून इंटेलचे प्रमुख आहेत.

टॅन यांच्या काळात २०१३ मध्ये केडन्सने टेन्सिलिका घेतली. या कंपनीची टीम पुण्यात होती, म्हणून महाराष्ट्रातही केडन्सचं ठाणं झालं. डिसेंबर २०२१ पासून अनिरुद्ध देवगण प्रमुख आहेत, दिल्ली आयआयटीचे, आणि एकेकाळी माधवन यांच्या मॅग्मात काम केलेले. २०२४ मध्ये कंपनीचं उत्पन्न ४६४ कोटी डॉलर होतं. आज भारतीय माणूस प्रमुख आहे, भारतात ऑफिसं आहेत, पण कंपनी अमेरिकन आणि कायदाही अमेरिकेचाच चालतो. याचा अर्थ काय ते २०२५ मध्ये दिसलं. मेअखेरीस अमेरिकी सरकारने चीनला ईडीए सॉफ्टवेअर देण्यावर अचानक बंधन घातलं, जुलैच्या सुरुवातीला काढलं. त्याच जुलैत केडन्सने बंदी असलेल्या चिनी लष्करी विद्यापीठाला माल विकल्याचा गुन्हा कबूल केला आणि १४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचं मान्य केलं. जे चीनबाबत झालं ते उद्या दुसऱ्या देशाबाबत होऊ शकतं, आणि आपले चिप डिझाइनर याच तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं वापरतात.

विद्यार्थ्यांसाठी सांगायचं तर ही सॉफ्टवेअरं घरी विकत घ्यायच्या किमतीची नाहीत. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत ८५ हजार इंजिनिअर तयार करायचं उद्दिष्ट आहे आणि निवडलेल्या कॉलेजांना बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या ‘चिपइन’ केंद्रातून ही साधनं वापरायला मिळतात. प्रवेश घेताना कॉलेज या योजनेत आहे का आणि लॅब खरंच उघडी असते का, हे दोन्ही विचारावं. प्लेसमेंटचा बोर्ड नंतर बघावा.

कॉलेज योजनेत नसेल तर मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेलं ‘ई-सिम’ आहे. ते पूर्ण फुकट आणि खुलं आहे. कायकॅड, एनजीस्पाइस अशा खुल्या साधनांवर ते बांधलं आहे. सर्किट काढणं, ते चालवून बघणं, बोर्डाचा आराखडा करणं त्यात जमतं. अब्ज ट्रान्झिस्टरची चिप त्यात होणार नाही, ते काम अजून त्या तीन कंपन्यांचंच. पण साध्या लॅपटॉपवर शिकायला सुरुवात करता येते, आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’वर त्याचे धडेही फुकट आहेत.