जुन्या शेव्रोले सी-१० चं नवं डोअर लॅच घट्ट चालतंय? आधी घट्टपणा कुठे आहे ते शोधा

जुन्या पिकअपला नवं लॅच बसवलं की दार एका हाताने अलगद बंद होईल, अशी आपली अपेक्षा असते. बऱ्याचदा उलटंच होतं. बाहेरचं बटण अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं, किंवा दार तीनदा आपटूनही पूर्ण लागत नाही. मग पहिला विचार येतो तो म्हणजे "लॅच खराब आलंय" आणि दुसरा, "थोडं घासून बघू का?" यातला दुसरा विचार धोक्याचा आहे. का, ते पुढे येईलच.

या लेखात उदाहरण म्हणून १९६७ ते १९७२ या काळातली शेव्रोले सी-१० घेतली आहे. अमेरिकेत या गाड्या आजही बऱ्याच चालतात आणि त्यांचे सुटे भाग नव्याने बनवून विकले जातात. मी टेक्सासमध्ये ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या आजोबांकडे १९७० ची सी-१० आहे. उजव्या बाजूला, म्हणजे तिथल्या पॅसेंजर सीटवर, त्यांची नात बसते आणि नेमकं तेच दार अर्धवट लागत होतं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मेकॅनिक नाही. पण बग शोधायची पद्धत इथेही तीच लागते: सिस्टीमचे तुकडे करा आणि एकेक तुकडा वेगळा तपासा.

लॅचच्या आत काय असतं?

दाराच्या कडेला पत्र्याच्या पेटीत एक फिरणारा पंजा असतो. समोर केबिनच्या खांबावर जाड बोल्टसारखा स्ट्रायकर असतो. दार लावताना स्ट्रायकर पंज्याच्या खाचेत शिरतो, पंजा फिरतो आणि एक छोटा खटका त्याच्या दातात अडकतो. दात दोन असतात. पहिल्या 'टक'ला दार अर्धं लागलेलं असतं, दुसऱ्या 'टक'ला पूर्ण. हँडल फक्त एकच काम करतं, खटका बाजूला सारतं. पंजा मागे फिरवण्याचं काम स्प्रिंगचं असतं.

पहिला दात म्हणजे दुसरा चुकला तरी दार उघडून माणूस बाहेर पडू नये यासाठीची सोय. अमेरिकेच्या सुरक्षा मानक क्रमांक २०६ मध्ये हा फरक आकड्यांत दिसतो. पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने २,५०० पौंड आणि दार बाहेर ढकलणारा २,००० पौंड जोर सहन करायला हवा. अर्धवट लागलेल्या लॅचकडून अपेक्षा फक्त १,००० पौंडांची. हे मानक कारना १९६८ च्या सुरुवातीपासून आणि ट्रकना १९७२ पासून लागू झालं, म्हणजे आमच्या १९७० च्या गाडीवर ते बंधनकारक नव्हतं. पण वळणावर दारावर येणारा जोर गाडीचं मॉडेल वर्ष बघत नाही.

टेबलावरची चाचणी

काच पूर्ण वर करा. क्रँकच्या मागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, ती हूकने ओढून काढा. दाराच्या आतलं झाकण काढा. दांड्या सोडवण्याआधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढून ठेवा, कारण दोन तासांनी कोणती दांडी कोणत्या भोकात होती ते अजिबात आठवत नाही. दाराच्या कडेचे स्क्रू जाम असतील तर त्यांच्या खाचा खराब करण्यापेक्षा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

लॅच हातात आलं की जाड स्क्रू ड्रायव्हरची दांडी स्ट्रायकर समजून पंज्यात दाबा. दोन स्पष्ट 'टक' यायला हवेत. मग खटक्याचा लिव्हर बोटाने दाबा. पंजा झटक्यात मागे उडाला पाहिजे. तो रेंगाळत परत आला किंवा मध्येच थांबला, तर दोष लॅचमध्येच आहे. इथे तो मोकळा चालत असेल तर लॅच निर्दोष आहे. खालचा धुण्याचा भाग सोडून थेट दाराकडे जा.

नव्या लॅचमधला घट्टपणा बहुतेक वेळा अगदी साध्या कारणाने येतो. गंज लागू नये म्हणून लावलेलं जाड ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. रिव्हेट जरा जास्त दाबून बसवलेलं असतं. पत्रा कापताना कडेला राहिलेली बर कुठेतरी घासत असते. मिनरल स्पिरिटमध्ये, आपल्याकडे असाल तर रॉकेलमध्ये, लॅच बुडवून ब्रशने धुवा. पूर्ण सुकू द्या. मग फिरत्या रिव्हेटवर पातळ तेलाचा एकेक थेंब टाका आणि शंभरेक वेळा उघडबंद करा. कंटाळवाणं काम आहे, पण आमच्या लॅचचा निम्मा घट्टपणा इथेच गेला. शेवटी पंजा आणि खटका जिथे एकमेकांना टेकतात तिथे पांढरं लिथियम ग्रीस, तेही हलक्या हाताने. किल्लीच्या कुलपात ग्रीस घालू नका, तिथे ग्रॅफाइटची पूड.

आता ते घासण्याचं. पेटीच्या बाहेरच्या कडेवरची बर बारीक कानशीने काढायला हरकत नाही. पण पंज्याचे दात आणि खटक्याचं टोक यांना हात लावायचा नाही. बाहेरून जोर आला की खटका सुटण्याऐवजी जागेवर घट्ट बसावा, असा तिथला कोन असतो. कानशीचे चार फटके मारले तर बटण मऊ होईल, दारही छान लागेल आणि नेमक्या गरजेच्या वेळी सुटेल. धुऊन आणि तेल देऊनही पंजा स्वतःहून मागे येत नसेल तर लॅच परत पाठवा. आणि जुनं लॅच फेकू नका. दात झिजले नसतील आणि स्प्रिंग शाबूत असेल तर ते स्वच्छ करून पुन्हा बसवणं हा कित्येकदा जास्त चांगला पर्याय असतो.

दारात बसवताना

आधी फक्त लॅच बसवा, दांड्या जोडू नका. स्क्रू आवळल्यावर पुन्हा तीच स्क्रू ड्रायव्हरची चाचणी करा. टेबलावर मोकळं चालणारं लॅच इथे अडत असेल तर दाराच्या कडेचा पत्रा वाकलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो पेटीला पिळतोय. स्क्रू लांब असले तरी त्यांची टोकं आत घासू शकतात.

मग एकेक दांडी जोडा आणि प्रत्येक दांडीनंतर चाचणी करा. दांडी खटक्याला आधीच थोडी ओढून धरत असेल तर तो दातात पूर्ण बसत नाही आणि दार लागतच नाही. बाहेरच्या बटणाचंही तसंच. बटण न दाबता त्याचा दांडा लिव्हरला टेकता कामा नये, मध्ये किंचित फट हवी. उलट फट जास्त असेल तर बटण पूर्ण आत जाऊनही खटका जेमतेम सुटतो, आणि आपल्याला वाटतं लॅच घट्ट आहे.

हे सगळं दार उघडं ठेवून करायचं. दांड्या जोडून, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही हँडलने पंजा सुटतो हे पाहिल्याशिवाय दार लावू नका. मी उत्साहात लावलं. बाहेरून उघडेना, आतून उघडेना. शेवटी दुसऱ्या दाराने आत शिरून, दाराच्या आतल्या भोकातून हात घालून, लिव्हर चाचपडत शोधला. त्यात दीड तास आणि कोपराची साल गेली.

दोष लॅचमध्ये नसेल तर

दार बंद होताना कडेला नजर लावा. स्ट्रायकरला भिडल्यावर दार वर उचललं जातंय का? तसं असेल तर बिजागऱ्या झिजून दार खाली बसलंय. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला, खडखड हलत असेल तर पिन आणि बुश बदलावे लागतील. घरातल्या जुन्या लोखंडी कपाटाचं दार आपण उचलून लावतो, तोच प्रकार. त्यासाठी स्ट्रायकर खाली सरकवणं म्हणजे दोष झाकणं.

बिजागऱ्या ठीक असतील तर स्ट्रायकरभोवती मार्करने खूण करा, तो थोडा सैल करा आणि एका वेळी एकाच दिशेला, तेही अगदी थोडा सरकवा. त्याच्यावर ग्रीसचा पातळ थर लावून दार हळू लावलं की पंजा नेमका कुठे टेकतो ते उमटतं. ती खूण खाचेच्या मधोमध हवी.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे नवीन रबर बीडिंग. लॅचसोबत बीडिंगही बदललं असेल तर दार सुरुवातीला जड लागणारच. शिवाय सी-१० ची केबिन लहान, त्यामुळे काचा बंद असताना आतली हवाच दाराला मागे ढकलते. एक काच खाली करून दार लावून बघा. फरक जाणवला तर लॅचला दोष देऊ नका, बीडिंगला काही दिवस द्या.

शेवटची चाचणी दोन 'टक' मोजण्याची. दार साध्या जोराने लावा, मग बाहेरून ओढून बघा. कड शेजारच्या पत्र्याच्या सपाटीला आली पाहिजे आणि दार हलता कामा नये. आठवडाभर गाडी चालवल्यावर स्ट्रायकर पुन्हा एकदा आवळा. आमचा तेवढ्यात पाव फेरा सैल झाला होता.