गवत कोण पेरतं?

माझा पीएचडीचा विषय घाटरस्त्यांवरच्या वैरणीचा इतिहास आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो. वैरणीला कसला इतिहास? म्हणून आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करते. गवताचं नवं शेत लावायचं असेल तर बी कधी टाकायचं?

थंड देशांत हा प्रश्न शेतकऱ्याला खरोखर पडतो. तिथे हिवाळाभर गुरं गोठ्यात बांधलेली असतात आणि साठवलेल्या वाळक्या गवतावर जगतात. त्यामुळे गवत हे तिकडे रीतसर पीक आहे. ते पेरायच्या वेळा ढोबळपणे तीन. वसंतात, जमीन नांगरण्याजोगी झाली की लगेच. नाहीतर ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे कडक थंडीआधी रोपांची मुळं धरतात. आणि तिसरी वेळ जरा गमतीची: बर्फ पडायच्या अगदी तोंडावर. तेव्हा टाकलेलं बी उगवत नाही. ते बर्फाखाली पडून राहतं आणि बर्फ वितळला की रुजतं.

आता आंबोलीला या. उंची जेमतेम सातशे मीटर, पाऊस मात्र वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. तिथल्या एका आजीला मी विचारलं, "पूर्वी गवत पेरायचात कधी?" ती हसलीच. "गवत कोण पेरता गो? ता आपसूक येता."

आजीचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं रस्त्याच्या इतिहासात सापडतं.

वेंगुर्ला बंदर १८१२ साली इंग्रजांकडे गेलं आणि बेळगाव १८१८ साली. बेळगावला लष्करी छावणी झाली. बंदर आणि छावणी यांना जोडणारा गाडीरस्ता पुढे सावंतवाडी संस्थानातून, आंबोलीचा घाट चढून जायचा. बंदरातला माल वर आणि घाटमाथ्याचा माल खाली, सगळी वाहतूक बैलगाड्यांची. एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण लागते असं धरा, आणि पुढचा हिशेब तुम्हीच करा. १८८७-८८ मध्ये बेळगाव आणि मुरगाव बंदर रेल्वेने जोडलं गेलं आणि घाटातल्या गाड्यांचे दिवस फिरले. तोवर हा रस्ता गवतावरच चालत होता.

हे गवत कुणी पेरलेलं नव्हतं. ते सड्यावरचं आणि डोंगरउतारावरचं करड. मग दरवर्षी ते पुन्हा यायचं कसं? उत्तर कापणीच्या तारखेत आहे.

चाऱ्याच्या दृष्टीने गवत फुलोऱ्यात असताना कापणं उत्तम, कारण तेव्हा त्यात कस असतो. पण आंबोलीत त्या वेळी पाऊस चालू असतो. कापलं तर वाळणार कुठे? कुजून जाईल. म्हणून कापणी दसरा उलटल्यावर, उघडीप मिळाली की. तोपर्यंत गवत पिवळं पडलेलं, कस बराचसा गेलेला आणि बी खाली झडलेलं. नुकसान वाटतं ना? पण हीच पुढच्या वर्षीची पेरणी. कापणाऱ्याने उशीर केला म्हणून जमिनीला बियाणं मिळालं.

त्यात काही गवतांची स्वतःची युक्ती असते. डोळ्यातलं कुसळ आपण म्हणीत वापरतो, ते कुसळ ज्याचं, ती कुसळी बघा. तिच्या बियाण्याची शेपटी ओलाव्याने फिरते आणि बी मातीत खुपसलं जातं. हे ताजं बी लगेच उगवतही नाही, काही महिने झोपून राहतं. त्यामुळे दिवाळीच्या आसपास एखादी सर पडली तरी ते फसत नाही. उन्हाळा काढतं आणि जूनमध्ये उठतं. थंड देशातलं बी बर्फाखाली जे करतं, तेच आपलं बी उन्हाखाली करतं. तिथे शेतकरी मुद्दाम वेळ साधतो, इथे कोयता उशिरा चालवला की वेळ आपोआप साधते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. उघड्या पडलेल्या उतारावर गवत नव्याने लावायचंच असेल, तर बी पावसाच्या तोंडावर जमिनीत हवं. जुलैच्या धारांत टाकलं तर बोटभर मातीवरून ते सरळ दरीत जातं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा. बी झडेपर्यंत थांबायला पुढच्या वर्षीही तेच गवत आपल्याला मिळेल अशी खात्री लागते. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांची मोठी जमीन कबुलायतदार गावकर म्हणून सामाईक वहिवाटीत होती. नंतर तिच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागलं आणि वाटपाचा वाद वर्षानुवर्षं चालला. या वादावर बोलताना आपण प्लॉट, हॉटेलं आणि जमिनीचे भाव एवढंच मोजतो. माझ्या मते कोयता कधी चालवायचा हा निर्णयही त्या वहिवाटीतच गुंतलेला होता. जमीन कुणाची हे ठरत नसेल, तर गवतासाठी थांबेल कोण?

आज कापणीच कमी झाली आहे. गुरं घटली, गवताने शाकारलेली घरं गेली. न कापलेलं करड उभं वाळतं आणि एका काडीने वणवा पेटतो. जमिनीवर पडून असलेलं बरंचसं बीही त्यात जळतं.

तुमच्या घरी कुणी सड्यावर गवताला गेलेलं असेल, तर त्यांना एवढंच विचारा: कापायला कधी जायचात, आणि ते ठरवायचं कोण? पेरणीबद्दल विचारू नका, हसतील.