जात्यापाशी मोकळं होणारं मन

मनाच्या दुखण्याबद्दल बोलायचं नाही, ही बीडकडची जुनीच रीत आहे, असं सर्रास म्हटलं जातं. जात्याचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायच्या, मूठमूठ ज्वारीचा घास जात्यात सोडायच्या. त्या घरघरीत सासुरवास, मेलेलं लेकरू, माहेराची ओढ असं सगळं ओवीतून बाहेर पडायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या कामातून राज्यभरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या दलित बायांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या कमी लेखलं, त्यांनी स्वतःचं मोल गाऊन सांगितलं.

यावर कुणी म्हणेल, ओवी सगळ्यांची असते, तिच्यात एकीची कहाणी कुठली? पण सगळ्यांची असणं हाच तर तिचा आडोसा होता. ओवी ठरलेली, तिच्यात भावाचं नाव मात्र आपल्या भावाचं. त्यामुळे सांगणारी उघडी पडत नसे आणि ऐकणारी तिला वेडी ठरवत नसे. हा आडोसा सोडून स्वतःच्या नावानिशी बोलायचं धाडस पुढे दलित आत्मकथनांनी केलं. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर ही संघटना १९७२ मध्ये उभी राहिली, १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. आपल्या घरातलं चव्हाट्यावर का मांडता, असा सवाल तेव्हा आपल्याच माणसांनीही केला. पण सांगितल्यानेच लाजेची जागा बदलली. भोगणाऱ्याने खाली घातलेली मान वर झाली आणि भोगायला लावणाऱ्यांना जाब द्यावा लागला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सांगितल्याने आजार बरा होत नाही. खरंच आहे. आजाराला डॉक्टर आणि उपचारच लागतात. ओवी गाणाऱ्या बाईचा छळही गाण्याने थांबला नाही. पण ‘येडं’ म्हणतील या धाकाने जो घरातही तोंड उघडत नाही, तो दवाखान्याची पायरी चढणार कसा? २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरला, त्या माणसाला शिक्षेऐवजी मदत देऊ केली. दुष्काळ, कर्ज आणि ऊसतोडीच्या फेऱ्यात पिचलेल्या बीड जिल्ह्यात त्या कायद्याचं मोल मोठं आहे. तरी कायदा गुन्ह्याचा शिक्का पुसतो, शेजाऱ्याची नजर बदलत नाही. ती बदलते ओळखीच्या माणसाने स्वतःचं सांगितल्यावर.

पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले. जातं गेल्याचं दुःख करू नये. मात्र जात्यासोबत समोर बसणारी दुसरी बाईही उठून गेली. तिची जागा आता आपल्याला जाणीवपूर्वक भरावी लागेल. बचतगटाच्या बैठकीत, विहारात, ऊसतोडीच्या कोपीपुढे एकाने मन मोकळं करावं आणि दुसऱ्याने उपदेश न करता ऐकावं. ही काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. बीडच्या बाया ती रोज पहाटे करत होत्या.