ऋण काढून नळ

ऋण काढून सण करू नये, असे दिवाळीच्या दिवसांत घरोघरी वडीलधारी माणसे बजावतात. शिकवण योग्यच आहे. परंतु ऋण काढून नळ आणावा की नाही, याचे उत्तर इतके सोपे नाही.

मी किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचे गाव भुईसपाट झाले. त्यानंतर या भागात जे उभे राहिले, त्यात कर्जाच्या पैशाचाही मोठा वाटा होता. १९९४ साली जागतिक बँकेने भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी २४६ दशलक्ष डॉलरांचे कर्ज मंजूर केले. ढिगाऱ्याखालच्या घरांची घरपट्टी ती काय येणार? म्हणून ते ऋण सरकारच्या शिरावर, म्हणजे सगळ्याच करदात्यांच्या शिरावर गेले. तेव्हापासून दुसऱ्यांची कर्जे कशी फिटतात, हे पाहण्याचा मला नाद लागला.

मोठ्या शहरांची रीत निराळी. ती आपल्याच नावावर कर्जरोखे विकतात. अहमदाबाद महापालिकेने १९९८ साली राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटींचे रोखे काढले आणि फेडीसाठी दहा जकात नाक्यांचे उत्पन्न बांधून दिले. पुढे २००७ साली गुजरातेत जकातच उठली! तेव्हा, टिकाऊ उत्पन्न पाहूनच सावकाराला शब्द द्यावा, हे उघड आहे.

घरपट्टी सहसा उठत नाही. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे दहा वर्षांच्या मुदतीने, ७.५९ टक्के व्याजाने विकले. वाचकहो, हिशेब मांडून पाहा. वर्षाचे व्याज १५ कोटी १८ लाख, दहा वर्षांचे १५१ कोटी ८० लाख, मुद्दल वेगळेच. अशा व्यवहारात घरपट्टी आधी एका राखीव खात्यात पडते. तेथून व्याज जाते, मुद्दलासाठी ठेव बाजूला निघते, आणि उरेल त्यात पगार, रस्ते, दिवे. पंगतीत सावकाराचे पान प्रथम वाढायचे. यजमानाने मागून जेवायचे.

मग ज्याने पट्टी थकवली, त्याचा घास कोण देतो? शेजारी देतो. एक तर त्याची पट्टी वाढते, नाही तर त्याच्या गल्लीतला दिवा विझलेला राहतो.

जलवाहिनी पुढची पिढीही वापरणार. तिने फेडीचा थोडा भार उचलला तर अन्याय नाही. रोषणाई मात्र आजच्या कमाईतूनच करावी. आमच्यासाठी कर भरणारी माणसे आम्हांला कधी दिसली नाहीत. त्यांचे ऋण आठवून मी माझी घरपट्टी वेळेवर भरतो.