गांडुळाचें ऋण

मी ३४ वर्षें शाळामास्तर होतों. "गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र होय," हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें, त्याची गणती नाहीं. पण पावसाळ्यांत शाळेच्या ओसरीवर गांडुळें चढूं लागलीं, कीं "उचला आणि कुंपणाबाहेर फेका," असें मुलांना फर्मावणाराही मीच. फळ्यावरचा मित्र ओसरीवर आला असतां मीं त्यास ओळखलें नाहीं. निवृत्तीनंतर या प्राण्याविषयीं वाचूं लागलों, तेव्हां ही चूक फार जुनी असल्याचें समजलें. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

इंग्लंडांत पूर्वीं माळी म्हणत, गांडूळ बागेच्या वाटा विद्रूप करतें. शेतकरी म्हणत, तें कोवळें पीक खातें. सेलबोर्न खेड्यांतील पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनीं १७७७ सालच्या एका पत्रांत या समजुतीस हरकत घेतली. गांडुळें जमीन पोखरून पाण्यास व मुळांस वाट करून देतात. तीं नसतील तर जमीन कठीण व नापीक होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. १७८९ सालीं तें पत्र त्यांच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालें. पण माळ्याचा ग्रह ग्रंथानें थोडाच बदलतो!

भक्कम पुरावा पुढें आणला तो चार्ल्स डार्विन यांनीं. त्यांचे मामा जोसाया वेजवुड यांनीं त्यांना आपलीं कुरणें दाखविलीं. कांहीं वर्षांपूर्वीं तेथें पसरलेला चुना व कोळशाचा जळका चुरा आतां कित्येक इंच खालीं गेला होता. गांडुळें खालची माती वर आणून टाकतात, म्हणून वरची वस्तु हळूहळू गाडली जाते, असा मामांचा तर्क होता. भाच्यानें तो उचलला आणि १ नोव्हेंबर १८३७ रोजीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढें त्यावर निबंध वाचला. पुढें डिसेंबर १८४२ मध्यें डार्विन यांनीं आपल्या घराजवळच्या एका शेतांत खडूचे तुकडे पसरले, आणि नोव्हेंबर १८७१ मध्यें तेथें चर खणविला. खडूची पांढरी रेघ ७ इंच खोलीवर सांपडली. एका प्रयोगाच्या निकालासाठीं २९ वर्षें थांबणारी ही चिकाटी!

मध्यंतरीं, १८६९ सालीं, एका टीकाकारानें आक्षेप घेतला कीं, एवढा दुबळा व लहान जीव इतकें प्रचंड काम कसें करील? याचें सविस्तर उत्तर डार्विन यांनीं १८८१ च्या आपल्या ग्रंथांत दिलें. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरीं दरसाल १० टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरांतून वर येते, असें त्यांचें अनुमान होतें. लहानशा, पण सतत होणाऱ्या कामाची बेरीज माणसास करतां येत नाहीं, ही त्या टीकाकाराची खरी अडचण होती. त्यानंतर सहाच महिन्यांनीं, एप्रिल १८८२ मध्यें, डार्विन वारले. त्यांचा हा शेवटचा ग्रंथ होता.

हा झाला मातीचा इतिहास. आतां खताकडे वळूं, आणि त्यासाठीं आपल्या होळकरांच्या इंदुरास येऊं. तेथें १९२४ ते १९३१ या काळांत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतील पालापाचोळा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ते वेळोवेळीं उलथून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या विषयावरील ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेंही नांव आहे. "इंदूर पद्धत" हे शब्द पुढें जगभर गेले. मात्र हा ढीग मोठा असावा लागतो, तो चांगलाच तापतो, आणि त्या उष्णतेंत गांडुळास थारा नसतो. शेताची सोय झाली. शहरांतील गृहस्थाचें काय?

त्याचें उत्तर अमेरिकेंतील एका शिक्षिकेनें दिलें. मिशिगन राज्यांतील कलामझू येथें हिवाळा कडक असतो. मेरी ॲपलहॉफ यांस थंडींतही स्वयंपाकघरांतील केरकचऱ्याचें खत करावयाचें होतें. १९७२ सालीं त्यांनीं गळाला लावण्याचीं गांडुळें विकणाऱ्याकडून लाल गांडुळें आणविलीं आणि तीं घरांतच पाळलीं. बर्फ वितळून वसंत येई, तेव्हां बागेसाठीं खत तयार! १९८२ सालीं त्यांनीं यावर पुस्तकही लिहिलें. हें लाल गांडूळ शेतांतल्याहून निराळ्या जातीचें; तें खोल माती उकरीत नाहीं, कुजत्या पाल्यांतच वाढतें. मीं मुलांकरवीं ज्याच्या भाऊबंदांस बाहेर फेकविलें, त्यास एका शिक्षिकेनें घरांत आसरा दिला, हें वाचून मी खजील झालों.

म्हणून आमच्या २४ बिऱ्हाडांच्या इमारतींत मीं सामाईक हौदाची गोष्ट काढली. उत्तर मिळालें, "मास्तर, घरटीं चार सालींनीं काय होणार?" १८६९ चा आक्षेपच तो! तरी हौद बांधला, आणि पहिला आम्हीं घालविलाच. उरलेली तेलकट भाजी, लोणचें, आंबट ताक, सारें त्यांत पडलें. दुर्गंधी सुटली आणि गांडुळें निघून गेलीं. तेव्हां आरंभापासून विरोध करणाऱ्या तळमजल्यावरच्या काकूच म्हणाल्या, "मास्तर, त्यांना पंगत कशाला वाढतां? पाचोळा घाला!" काकूंचा उपाय लागू पडला.

आपणांस करावयाचें असल्यास दिवाळीनंतरचा काळ उत्तम. सावलीच्या जागीं, पाणी निथळेल अशा हौदांत तळाशीं नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला व अर्धवट कुजलेलें शेण घालावें. शेण निवल्यावरच लाल गांडुळें सोडावीं. भाजीचीं देठें व साली यांचा पातळ थर देऊन तो पाचोळ्यानें झांकावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. तेल, मीठ, आंबट पदार्थ वर्ज्य. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखें काळसर खत होतें, आणि तें माघ-फाल्गुनांत भेंडी, गवार, काकडी लावावयास नेमकें हाताशीं येतें. ओला कचरा निराळा ठेवण्याचा सरकारी नियम २०१६ सालीं झाला. परंतु नियमानें निराळी ठेवलेली साल माती होते, ती शेजाऱ्यांनीं मिळून सांभाळलेल्या हौदांत.

आमच्या इमारतीच्या कुंड्यांना गतवर्षीं बाहेरचें खत लागलें नाहीं. बेरीज करावयास आम्ही उशिरां शिकलों. माझे जुने विद्यार्थी हें भाषण ऐकत असतील, तर त्यांना एवढेंच सांगणें: कुंपणाबाहेर फेकण्याची ती आज्ञा मी आज परत घेतों.