कंट्रोल रूम टेबलावर कशी आली

टीव्हीवरच्या मुलाखतीत निवेदकाचा चेहरा जाऊन पाहुण्याचा चेहरा येतो, तेव्हा पाहणाऱ्याला काही जाणवतही नाही. १९८०च्या दशकात घरी दोन व्हीसीआर जोडून हाच बदल करू पाहणाऱ्याच्या पडद्यावर मात्र चित्र गडगडायचं, वरच्या कडेला वाकडं व्हायचं, क्षणभर मुंग्या यायच्या आणि मग कुठे पुढचं दृश्य स्थिरावायचं. कॅमेरा चांगला असो, बोलणारा तयारीचा असो, त्या एका झटक्यावरून कुणीही सांगायचं की हे घरी केलेलं आहे. घरच्या संगणकावर स्टुडिओसारखा कार्यक्रम होऊ लागला, त्याचा इतिहास सहसा कॅमेऱ्यांचा किंवा सॉफ्टवेअरचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो आधी या झटक्याचा इतिहास आहे. हा झटका का बसतो आणि तो घालवण्याचा खर्च उतरत उतरत शून्यावर कसा आला, हे पाहिलं की बाकीचं बरंच उलगडतं.

जुन्या टीव्हीचं चित्र एकदम उमटत नसे. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ते ५२५ ओळींनी, सेकंदाला सुमारे ३० वेळा, वरून खाली रेखलं जाई. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ ओळी आणि २५ वेळा. चित्र कुठल्या क्षणी सुरू होतं हे सांगणारी खूण, म्हणजे सिंक, सिग्नलमध्येच असे. स्टुडिओत एकच यंत्र ही खूण सगळ्या कॅमेऱ्यांना पुरवी, त्यामुळे सगळे कॅमेरे पहिली ओळ एकाच क्षणी सुरू करत. एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या फटीत स्विचरने कॅमेरा बदलला की सांधा दिसत नसे. घरचे दोन व्हीसीआर म्हणजे एकाच चौकात आपापल्या ठेक्यात वाजणारी दोन ढोल पथकं. त्यात टेप मोटरने ओढली जाते, तिचा वेग सतत किंचित हलतो, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा ठेकाही पक्का नाही.

टेपचं हे दुखणं जन्मापासूनचं. अॅम्पेक्स कंपनीने १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागोत आपलं व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवलं. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या हाताखालच्या त्या चमूत तरुण रे डॉल्बीही होते. टेप दोन इंच रुंद, यंत्राची किंमत ५० हजार डॉलरच्या घरात. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने आपल्या संध्याकाळच्या बातम्या पश्चिम किनाऱ्यासाठी टेपवरून उशिराने दाखवल्या. संकलन मात्र खरोखरच कापाकापीचं होतं: टेपवर लोहकणांचं द्रावण लावून अदृश्य खुणा डोळ्यांना दिसतील अशा करायच्या, त्या भिंगाखाली पाहायच्या, ब्लेडने नेमक्या जागी कापायचं आणि चिकटवायचं. जागा चुकली की चित्र गडगडलंच.

संगणक या कामात शिरला तो १९७१ मध्ये. सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं सीएमएक्स ६०० हे यंत्र कपडे धुण्याच्या मशीनएवढ्या डिस्कवर कृष्णधवल, धूसर चित्र साठवी आणि लाइट पेनने दृश्यांचा क्रम लावू देई. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर. मोजकीच यंत्रं बनली. माझ्या लेखी त्याहून मोठी घटना दोन वर्षांनी घडली, जरी तिची आठवण फारसं कुणी काढत नाही. १९७३ मध्ये कन्सॉलिडेटेड व्हिडिओ सिस्टिम्स या कंपनीने डिजिटल टाइम बेस करेक्टर आणला. तंत्रज्ञ त्याला टीबीसी म्हणतात. टेपवरून डगमगत येणाऱ्या ओळी तो आकड्यांच्या रूपात स्मृतीत घेतो आणि ठरल्या वेळी, सारख्या अंतराने बाहेर सोडतो. बाहेर जाऊन छोट्या यंत्रावर टिपलेली टेप यामुळे थेट प्रक्षेपणाच्या लायकीची झाली आणि बातमीदारांच्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा आला. घराला मात्र हे यंत्र परवडणारं नव्हतं.

घराची वाट उघडली ती खेळांमुळे. जे मायनर हे अटारीच्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या चिप्स घडवणारे अभियंते. अटारी सोडल्यावर त्यांनी जे नवं यंत्र आखायला घेतलं, तेही मुळात घरच्या टीव्हीला जोडून खेळण्याचंच होतं. टीव्हीला जोडायचं म्हणजे टीव्हीच्याच वेळेत चित्र काढायला हवं. म्हणून त्या यंत्राचं घड्याळ एनटीएससीच्या रंगाच्या कंपनसंख्येवरून, ३.५८ मेगाहर्ट्झवरून घेतलं. प्रोसेसर बरोबर दुप्पट, ७.१६ मेगाहर्ट्झवर चाले. हाच अमिगा. कमोडोर कंपनीने तो विकत घेतला आणि जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये समारंभाने लोकांपुढे आणला. अँडी वॉरहॉल यांनी मंचावर अमिगावर गायिका डेबी हॅरी यांचं चित्र रंगवलं, ते अजून सांगितलं जातं. आपल्या गोष्टीला त्या चित्रापेक्षा आतलं, घड्याळ चालवणारं क्रिस्टल महत्त्वाचं आहे. पहिल्या आयबीएम पीसीतलं क्रिस्टलही याच कुळातलं होतं, पण १९८७ मध्ये व्हीजीए आलं आणि पीसीचा पडदा टीव्हीपासून दूर गेला. कचेरीतल्या अक्षरांसाठी ते बरोबरच होतं. अमिगा टीव्हीला धरून राहिला. त्याचं चित्र टीव्हीच्या कडेपर्यंत पोचे, टीव्हीसारखंच एकाआड एक ओळींनी निघे, आणि सर्वांत मोलाचं म्हणजे तो बाहेरच्या सिग्नलचा ठेका धरू शकत असे. जेनलॉक नावाचं काही शे डॉलरचं उपकरण लावलं की व्हिडिओवर अमिगाची अक्षरं थेट, न थरथरता उमटत. त्याआधी अशी शीर्षकं देणारी कायरॉनची यंत्रं स्टुडिओतच असत, आणि त्यांच्या किमती हजारो डॉलरमध्ये.

पुढची उडी कॅन्ससमधल्या टोपिका गावात घेतली गेली, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क दोन्हींपासून लांब. तिथे टिम जेनिसन यांनी १९८५ मध्ये न्यूटेक ही कंपनी काढली होती. अमिगाच्या पोटात बसेल असं एक कार्ड त्यांनी योजलं. त्याचा पहिला नमुना ब्रॅड कार्वी यांनी हाताने तारा गुंडाळून जोडला. १९८७ मध्ये कमोडोरच्या प्रदर्शनात हे कार्ड व्हिडिओ टोस्टर या नावाने लोकांना दाखवलं. विक्रीला यायला तीन वर्षं लागली, आणि वाट पाहणारे थांबून राहिले. डिसेंबर १९९० मध्ये तो निघाला तेव्हा किंमत होती २,३९९ डॉलर. अमिगा २००० धरून सारं काही ५ हजार डॉलरच्या आसपास. तेवढ्यात चार सिग्नल घेणारा स्विचर, चित्र उलटवून-दुमडून बदलणारे डिजिटल इफेक्ट, शीर्षकांचा जनरेटर, रंगकामाचा प्रोग्राम आणि लाइटवेव्ह हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर मिळे. यातल्या एकेका कामासाठी स्टुडिओ याहून कितीतरी महाग वेगळं यंत्र घेत असत.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पहिल्या टोस्टरने संकलन होत नसे. त्याने घरात आणली ती कंट्रोल रूम: कॅमेरे समोर चालू आहेत, कार्यक्रम आत्ता घडतो आहे आणि एक माणूस टेबलाशी बसून पुढचं चित्र निवडतो आहे. म्हणूनच तो अमेरिकेच्या पब्लिक अॅक्सेस वाहिन्यांना फार भावला. तिथे अनेक शहरांत केबल कंपन्या नगरपालिकेशी झालेल्या करारानुसार सामान्य नागरिकांसाठी वाहिनी राखून ठेवत. १९९२चा ‘वेन्स वर्ल्ड’ हा विनोदी चित्रपट अशाच, तळघरातून कार्यक्रम करणाऱ्या दोन मित्रांचा आहे. त्यातल्या गार्थचं काम करणारे डेना कार्वी हे टोस्टरचा नमुना जोडणाऱ्या ब्रॅड यांचे भाऊ, आणि ते पात्र भावावरूनच सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये ‘बॅबिलॉन ५’ मालिकेचा पहिला चित्रपट आला. त्यातली अवकाशयानं अमिगांवर, लाइटवेव्हमध्ये घडवलेली होती. त्या दृश्यांना एमी मिळालं. त्याच वर्षी टोस्टरलाही तांत्रिक कामगिरीचं एमी मिळालं.

झटका मात्र पुरता गेला नव्हता. टोस्टरला येणारा प्रत्येक सिग्नल एकाच ठेक्यात हवा असे. व्हीसीआरवरची टेप मिसळायची तर प्रत्येक व्हीसीआरमागे वेगळा टीबीसी घ्यावा लागे, आणि उत्साहाने टोस्टर घेतलेल्यांना खर्चाचा हा दुसरा आकडा मागाहून कळे. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली आणि टोस्टरच्या पायाखालचं यंत्रच थांबलं.

महाराष्ट्रात हा टोस्टर पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तो फक्त एनटीएससीचा होता आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून ६२५ ओळींवर चालत आलेलं. आपल्याकडे हीच तहान लग्नाच्या व्हिडिओने भागवली. पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांच्या छोट्या डिजिटल मिक्सरमध्ये फ्रेम साठवून ठेका जुळवण्याची सोय आतच होती. बदामाच्या आकारातून उघडणारी वधू, कोपऱ्यातून सरकत येणारा मांडव, हे सगळं त्या मिक्सरचं देणं. ‘कॅसेट मिक्सिंगला दिली आहे’ हे वाक्य लग्नघरात महिनोन्महिने ऐकू येई. त्या बदामांना हसणं सोपं आहे. मला मात्र तालुक्याच्या गावात स्वतःच्या हिमतीवर सांधा शिकलेल्या त्या माणसांबद्दल आदर वाटतो. पुढे पीसी आला तेव्हा जपानच्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीची कार्डं आणि तिचंच एडियस सॉफ्टवेअर याच मंडळींनी आपलंसं केलं.

संकलन ही दुसरी शाखा दरम्यान वेगळीच वाढत होती. १९८९ मध्ये अॅव्हिडने मॅकिंटॉशवर आधारलेली यंत्रणा आणली, पण तिच्या किमतीने ती स्टुडिओतच राहिली. डिसेंबर १९९१ मध्ये अॅपलचं क्विकटाइम आणि अॅडोबीचं प्रीमियर आलं. तेव्हाचा व्हिडिओ पडद्यावर टपाल तिकिटाएवढा दिसे. प्रीमियर रचणारे रँडी युबिलोस हे या गोष्टीतलं फार कमी बोललं गेलेलं नाव. प्रीमियरनंतर त्यांनी मॅक्रोमीडियात जे सॉफ्टवेअर सुरू केलं, ते अॅपलने विकत घेऊन १९९९ मध्ये ९९९ डॉलरला फायनल कट प्रो म्हणून आणलं. पुढे आयमूव्हीची २००७ मधली नवी घडणही त्यांचीच. घरी संकलन करणारा माणूस कुठलंही बटण दाबो, मागे बऱ्याचदा या एका माणसाने केलेली मांडणी असते.

दोन्ही शाखा जुळल्या त्या १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही कॅसेटमुळे. होती टेपच, पाव इंच रुंदीची, पण तिच्यावर आता चित्राच्या लहरी नव्हत्या, आकडे होते. एका तासाचे साधारण १३ गिगाबाइट. टेप थोडी डगमगली तरी आकडे स्मृतीत जमा होऊन योग्य वेळी बाहेर येत. टीबीसीचं काम कॅमेऱ्यातच उरकलं गेलं. फायरवायरची एक केबल जोडली की चित्र जसंच्या तसं संगणकात उतरे. ऑक्टोबर १९९९ मध्ये अॅपलने १,२९९ डॉलरच्या आयमॅक डीव्हीबरोबर आयमूव्ही फुकट दिलं. घरचा सांधा आणि स्टुडिओचा सांधा यांत डोळ्याला फरक दिसेनासा झाला.

कंट्रोल रूम पुन्हा घरात आली तीही खेळांमधूनच. न्यूटेकने २००५ मध्ये ट्रायकास्टर आणला होता, पण तो लहान स्टुडिओंच्या ऐपतीचा. २०१२ मध्ये ह्यू बेली या प्रोग्रामरने स्वतःचा खेळ थेट दाखवण्यासाठी लिहिलेलं ओबीएस हे सॉफ्टवेअर सर्वांना खुलं केलं. वेबकॅम, मोबाइल, स्लाइड्स, सगळे आपापल्या वेगाने येतात. गेम खेळण्यासाठी बनलेलं ग्राफिक्स कार्ड त्यांना एका ठेक्यात पुन्हा रेखून काढतं. २०१९ मध्ये ब्लॅकमॅजिक कंपनीचा एटेम मिनी हा स्विचर २९५ डॉलरला आला, चार इनपुट आणि प्रत्येकाचा ठेका आतल्या आत जुळवून देणारा. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत व्याख्यानमाला, कीर्तनं आणि शाळेचे तास घराघरातल्या संगणकांवरून सुरू झाले, ते या तयारीवर.

जुन्या टेपना मात्र या स्वस्ताईचा फायदा आपोआप मिळत नाही. शेवटचे व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, आणि आपल्या दमट पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. यूएसबीचं स्वस्त उपकरण लावून व्हीएचएस उतरवली तर डगमगणाऱ्या टेपमुळे फ्रेम गळतात, आवाज आणि ओठ जुळेनासे होतात. घरात लग्नाची, गावच्या नाटकाची, आजोबांच्या मुलाखतीची कॅसेट असेल तर ती यंदाच काढा, आणि डिजिटल करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा की तुमच्याकडे टीबीसी आहे का.